मेश्रामकाकांची दुरुस्ती

इंटरनेटवर आज काय चाललंय हे कळायला आमच्या बिल्डिंगला फोन लागत नाही. तिसऱ्या मजल्यावरचे मेश्रामकाका गॅलरीत आले की झालं. सकाळचा नाश्ता आटोपला की ते एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन कठड्याशी उभे राहतात, फोन टोस्टसारखा आडवा तोंडासमोर धरतात आणि जग दुरुस्त करायला घेतात.

"दुरुस्ती, पूर्णविराम. नव्या फोनची घडी घालता येते म्हणून एवढं नाचायला काय झालं, प्रश्नचिन्ह. आमच्याकडे सतरंजीचीही घडी होते, पूर्णविराम. आणि ती पडली तर फुटत नाही, उद्गारवाचक चिन्ह."

काकांना टाइप करायचा कंटाळा आहे. ते बोलतात आणि फोन लिहितो. फोनला विरामचिन्हं कळतात अशी त्यांची समजूत आहे. फोनला ती कळत नाहीत. तो बिचारा ऐकतो ते लिहितो, त्यामुळे काकांची प्रत्येक पोस्ट 'पूर्णविराम' या अक्षरी शब्दासकट लोकांपुढे जाते. मी एकदा भीतभीत सांगितलं की सेटिंग बदललं तर नुसता ठिपका येतो. काका म्हणाले, "राहू दे. वाक्य कुठे संपवायचं असतं ते लोकांना कळू दे जरा."

मी त्यांच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर राहते. त्यामुळे काकांचं मत आधी मला कळतं, मग विश्रांतवाडीतल्या आमच्या गल्लीला, आणि सगळ्यांत शेवटी इंटरनेटला.

हे सगळं ज्या कट्ट्यावर जातं त्या ग्रुपचं नाव आहे 'चार्जिंगला लावलंय'. नवे फोन, बंद पडलेली ॲप्स, कोणत्या कंपनीने कुणाला काढलं, कोणतं मीम शिळं झालं, अशा विषयांवर तिथे मराठीतून भांडणं चालतात. खराडीतले आयटीवाले आहेत, कॉलेजची पोरं आहेत, बिबवेवाडीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेले एक भाऊ आहेत. मीही आहे, पण मी फक्त वाचते. तिथे काही लिहायचं म्हणजे काकांच्या तोंडी लागणं, आणि त्याची चव मी लिफ्टमध्ये घेतलेली आहे.

झालं होतं असं, की मी त्यांना म्हणाले, "काका, तुम्ही पाठवलेला लिंक ओपन होत नाहीये."

"पाठवलेली."

"हो. तुम्ही पाठवलेली. तो ओपन…"

"ती. लिंक स्त्रीलिंगी. आणि ओपन होत नाही नव्हे, उघडत नाही. आता नीट सांग, काय झालं?"

तोवर लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर पोचली होती. मी दुसऱ्यावर राहते. काका उतरताना म्हणाले, "कोणती शाळा?" मी नाव सांगितलं. "म्हणजे कॉन्व्हेंट." मी म्हटलं, "कॉन्व्हेंट नाही काका, नुसती इंग्लिश मीडियम." काका म्हणाले, "दुरुस्ती मान्य नाही," आणि गेले. तेव्हापासून माझं नाव कॉन्व्हेंट.

तर काकांचा खरा विषय तंत्रज्ञान नाहीच. काकांचा विषय आहे लिंग. इंग्रजीतून मराठीत आलेल्या प्रत्येक वस्तूला तो म्हणायचं, ती म्हणायचं की ते म्हणायचं, याचा निकाल लागल्याशिवाय ते बातमीला हात लावत नाहीत. एआय सगळ्यांच्या नोकऱ्या खाणार अशी बातमी एकदा ग्रुपवर आली. खराडीतली मंडळी घाबरलेली, कुणी बायोडेटा नीट करतंय, कुणी शेतीचे भाव विचारतंय. वरून काकांचा आवाज आला, "दुरुस्ती, पूर्णविराम. खाणार कोण, प्रश्नचिन्ह. खाणारा, खाणारी की खाणारं, प्रश्नचिन्ह. आधी ते ठरवा आणि मग घाबरा, पूर्णविराम."

कुठलासा क्लाउड बंद पडून निम्मी ॲप्स आडवी झाली त्या दिवशीही तेच. "ढग खाली आला तर त्याला धुकं म्हणतात, पूर्णविराम. ढग पुल्लिंगी, धुकं नपुंसकलिंगी. त्यात रडण्यासारखं काय आहे, प्रश्नचिन्ह."

सकाळी सकाळी 'लिंग' हा शब्द गॅलरीतून इतक्या वेळा यायला लागला की पहिल्या मजल्यावरच्या जोशीआजींनी सोसायटीच्या चेअरमनकडे तक्रार केली, वरचे गृहस्थ नको ते ओरडतात म्हणून. काका स्वतः खाली गेले. "आजी, व्याकरण आहे ते. आपल्याला दुसरं काही ऐकू येत असेल तर त्याला माझा इलाज नाही."

त्यांचे निकालही ऐकण्यासारखे असतात. कमेंट स्त्रीलिंगी, रिप्लाय पुल्लिंगी, म्हणून त्यांचं एकमेकांशी पटत नाही. ओटीपी पुल्लिंगी, कारण वेळेवर येत नाही. यावर आतून मेश्रामकाकूंचा आवाज आला होता, "आणि बॅटरी स्त्रीलिंगी. दिवसभर सगळ्यांसाठी राबते आणि संध्याकाळी तिच्याच नावाने ओरडतात." काकांनी तेही ग्रुपवर घातलं, अर्थात स्वतःच्या नावावर.

पोरांनी काकांचा स्टिकर केलाय. कपाळावर आठ्या आणि खाली लिहिलंय, 'दुरुस्ती पूर्णविराम'. जो तो उठसूट वापरतो. काकांनी तो पाहिला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "फोटो बरा आलाय." मग सावरून, "स्टिकर पुल्लिंगी. तेवढं लक्षात ठेवा म्हणावं."

एक मात्र आहे. चूक दाखवण्यात काका जेवढे उदार, तेवढेच 'बरोबर' म्हणण्यात कंजूष. बरोबर लिहिलं तर ते 'हं' म्हणतात. फारच बरोबर लिहिलं तर काहीच म्हणत नाहीत. 'बरोबर' हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकलाच नव्हता. कुठल्यातरी मोठ्या प्रसंगासाठी बाजूला काढून ठेवल्यासारखा.

आणि दुसरं. पोस्ट गेली की काका कठड्यावरून वाकून मला विचारतात, "कॉन्व्हेंट, ॲडमिनने वाचलं का?" पोस्टखाली वाचणाऱ्यांची नावं बारीक अक्षरात येतात, ती त्यांना दिसत नाहीत. मी कपडे वाळत घालत असते. फोन उघडून बघते आणि वर बघून मान हलवते. मला गॅलरीतून ओरडून बोलता येत नाही. सगळी बिल्डिंग ऐकतेय असं वाटतं, आणि ते खरंच असतं. मान हलली की काका उरलेला चहा एका घोटात संपवून आत जातात. पहिले काही महिने मला वाटायचं, ॲडमिन आपल्याला काढून टाकेल अशी त्यांना धास्ती असावी.

काका मूळचे पुण्याचे नाहीत, हे त्यांच्याकडे बघून कुणालाही पटणार नाही. इतकं पुणेरी बोलायला पुण्याच्या माणसालाही सवड नसते. ते नागपूरचे. पाटबंधारे खात्यात होते आणि किरण बालवाडीत असताना बदली होऊन इथे आले. किरण त्यांचं एकुलतं एक अपत्य. पहिल्या दिवशी ऑफिसच्या कँटीनमध्ये त्यांनी मोकळेपणाने विचारलं, "चाय झाली का? काय करून राहिले सगळे?"

टेबलावरचे हेडक्लार्क वर न बघता म्हणाले, "मेश्राम, चहा झाला. आणि आम्ही काम करतोय. तुम्हीही करा, राहायचं नंतर बघू."

सगळं सेक्शन हसलं. ही गोष्ट काका स्वतः सांगतात, हेडक्लार्कची नक्कल करून सांगतात, आणि आपण हसलो की तेही हसतात. पण काकूंनी मला पुढचं सांगितलं. घरी येऊन ते चहाच्या कपाकडे बघून म्हणाले, "तो चहा. तो चहा. चहा झाला." त्यानंतर बरेच दिवस ऑफिसमध्ये ते कामापुरतंच बोलत. एकेक शब्द ऐकून, घोकून, उलटून बघत त्यांनी पुण्याची मराठी उभी केली. ती इतकी पक्की झाली की पुढे हेडक्लार्कच त्यांच्याकडून पत्रं तपासून घ्यायला लागले. फक्त फार संताप आला, की आतला नागपूरकर बाहेर येतो. लिफ्ट अडकली तेव्हा मी ऐकलंय, "काऊन बे, चालत काऊन नाही तू?" लिफ्ट चालली.

आता किरणबद्दल.

मी लहान होते तेव्हा किरण आमच्या बिल्डिंगमधली मोठी ताई होती. निदान आम्ही सगळे तसं म्हणायचो. सगळ्यांचे राउटर किरणने लावलेले, सगळ्यांच्या सायकलींची चेन किरणने बसवलेली. मला स्कूलबसपर्यंत हात धरून न्यायचं आणि बसमध्ये कुणी त्रास दिला तर दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे नुसतं बघायचं, एवढं बास व्हायचं. पुढे बंगळुरूला नोकरी लागली. काका निवृत्त होऊन घरात भिंती मोजायला लागले तेव्हा किरणनेच इंटरनेटवरच्या अनोळखी लोकांसाठी काढलेला एक ग्रुप होता त्यात त्यांना घातलं, रिकामा वेळ जाईल म्हणून. तो ग्रुप म्हणजे 'चार्जिंगला लावलंय'. ॲडमिन किरण, पण काकांशी नातं आहे हे तिथे कुणाला माहीत नाही.

दोन वर्षांपूर्वी बुद्धपौर्णिमेला किरण घरी आला होता. खीर झाल्यावर त्याने आईबाबांना समोर बसवून सांगितलं की मी मुलगा आहे. मुलासारखा नाही, मुलगा. कधीपासून, विचाराल तर नेहमीच. नाव बदलायचं कारण नाही, किरण मुलाचंही असतं. फक्त मला तो म्हणा.

काका ओरडले नाहीत. नाही म्हणाले नाहीत. काकू सांगतात, त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठीक आहे. मग तू आता परत कधी…" आणि वाक्य तिथेच थांबलं. जातोस की जातेस. सगळ्या गल्लीला लिंग शिकवणारा माणूस एका क्रियापदाच्या शेपटीशी अडला, तो अडलाच.

काकूंनी त्यातून दोन दिवसांत वाट काढली. "येणार का? जेवणार का? कधी निघणार?" मराठीत भविष्यकाळाला काही विचारावं लागत नाही. उरलेलं सगळं आज्ञार्थात: ये, बस, खा, झोप. आई असल्यामुळे तेवढ्यात सगळं भागतं. मी आणखी भित्री. मी किरणशी इंग्रजीत बोलते. 'यू कमिंग?' म्हटलं की प्रश्न मिटला.

काकांना हे पटत नव्हतं. "पळवाटा आहेत या," ते म्हणायचे. पण त्यांच्यापाशी तीही नव्हती. रविवारी किरणचा फोन आला की काकू स्पीकर लावायच्या, आणि मला खाली ऐकू यायचं, "हॅलो. हं. तू कसा… तू कशी… बरं, तिकडे पाऊसपाणी काय म्हणतंय?" वर्षभर काका दर रविवारी बंगळुरूचं हवामान विचारत होते. मग रविवारही सुटले. फोन काकूंकडेच राहिला. आणि काका रोज सकाळी गॅलरीत उभे राहून घडीच्या फोनबद्दल बोलायचे, ढगांबद्दल बोलायचे, आणि मग वाकून मला विचारायचे, ॲडमिनने वाचलं का.

ॲडमिन रोज वाचायचा. लिहायचा मात्र काही नाही.

गेल्या महिन्यात काकू कोथिंबिरीच्या वड्या घेऊन आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "किरणचं येणं होणार आहे. खराडीला ऑफिसचं काम आहे आठवडाभर." मी म्हटलं, वा. काकू डबा उघडत राहिल्या. "पण घरी उतरणार की नाही, ते यांच्यावर आहे. मला म्हणाला… म्हणजे मला असं सांगण्यात आलंय," काकूंनी वाक्य सावरलं, मग माझ्याकडे बघून त्यांनाच हसू आलं. "असं सांगण्यात आलंय, की बाबांच्या तोंडून एकदा नीट ऐकायचंय. कुणाला उद्देशून बोलताहेत ते. नाहीतर ऑफिसचं गेस्ट हाउस आहे."

"काकांना माहितेय?"

"माहितेय म्हणून तर तीन वेळा भाजीला जाऊन भाजी न आणता आलेत."

त्याच आठवड्यात ग्रुपवर मोठं भांडण लागलं. एका नव्या चॅटबॉटला म्हणे अस्सल मराठी येते. काकांनी अर्थातच त्याला गाठलं. त्याच्याशी ते 'अहो'च म्हणून बोलतात, कारण ओळख नसलेल्याला अरे म्हणणं त्यांच्या नियमात बसत नाही. पहिल्या उत्तरात बॉट म्हणाला, मी आपली मदत करू शकतो. दुसऱ्या उत्तरात म्हणाला, मी आपल्याला सांगू शकते. गॅलरीत स्फोट झाला.

"अहो, आपण नक्की कोण, प्रश्नचिन्ह. मघाशी शकतो, आता शकते. एकदा काय ते ठरवून सांगा, पूर्णविराम."

बॉटने मनःपूर्वक क्षमा मागितली. काकांनी त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला: 'क्षमा मागितली पण उत्तर दिलं नाही पूर्णविराम सरकारी खात्यात मुरलेला दिसतो की दिसते प्रश्नचिन्ह.'

मग सगळे तुटून पडले. मंदार नावाचा खराडीचा एक मुलगा आहे, त्याला प्रत्येक विषयात शेवटचा शब्द हवा असतो. त्याने लिहिलं, "काका चिल. मशीन आहे ते. नपुंसकलिंग. केस क्लोज." कुणी म्हणालं, आवाज बाईचा आहे म्हणून ती. बिबवेवाडीचे भाऊ म्हणाले, दुकानात येणारा प्रत्येक बिघडलेला फोन मी 'हा' म्हणून घेतो आणि दुरुस्त झाला की 'ही घ्या तुमची वस्तू' म्हणून देतो, माझं काही अडलेलं नाही. स्टिकरांचा पाऊस पडला. काका वरून एकेकाला उत्तर देत होते, "नियम लागतो, पूर्णविराम. आवाजावरून ठरत नाही, दिसण्यावरून ठरत नाही, नियम सांगा."

आणि कितीतरी महिन्यांनी ॲडमिनने लिहिलं.

"नियम सोपा आहे. जो बोलतोय त्याला विचारा. तो स्वतःला 'करतो' म्हणाला तर तो. ती 'करते' म्हणाली तर ती. ऐकणाऱ्याने ठरवायचं नसतं. मी दोन वर्षं हे सगळं गुपचूप वाचतो आहे, म्हणून बोललो."

ग्रुपवर जल्लोष. 'ॲडमिन जिवंत आहे!' 'ॲडमिनचं आधार कार्ड तपासा.' मंदारने लिहिलं, "आता काका येणार. दुरुस्ती लोडिंग." त्यांना काय माहीत. त्यांच्यासाठी ते एक साधं वाक्य होतं. मी मात्र खाली ओला टॉवेल हातात धरून वर कान लावून उभी होते. वाचतो आहे. बोललो. दोन क्रियापदं, दोन्हींना स्पष्ट शेपूट.

वरून कप ठेवल्याचा आवाज आला, दार लागल्याचा आला.

दुसऱ्या दिवशी काका गॅलरीत आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. एका मोठ्या कंपनीने आपल्या ॲपचं नाव बदलून एकच अक्षर ठेवलं, एवढी मोठी बातमी, आणि गल्लीत शांतता. इस्त्रीवाल्याने मला विचारलं, काका गावाला गेले का. जोशीआजी स्वतः जिना चढून वर आल्या. "बरं आहे ना मेश्रामांना? सकाळपासून एकदाही काही घाण ऐकू आलं नाही."

मला ते जिन्यात भेटले. हातात पिशवी होती. रिकामी.

"कॉन्व्हेंट," ते म्हणाले, "किरण शब्दाचं लिंग काय?"

मला वाटलं ते माणसाबद्दल विचारताहेत.

"अगं, शब्दाचं विचारतोय. सूर्याचं काय येतं? सूर्याचा की सूर्याची?"

"सूर्याचा किरण," मी म्हणाले. "बहुतेक."

"बहुतेक नाही. मराठीत पुल्लिंगी. आशेचा किरण. हिंदीत ती असते. आम्ही तेव्हा नागपुरात होतो, आजूबाजूला सगळी हिंदी, रेडिओ हिंदी. मुलगी झाली म्हणून हौसेने नाव ठेवलं." त्यांनी पिशवीची घडी घातली, परत उलगडली. "म्हणजे नाव आम्ही बरोबर ठेवलं होतं. चूक बाकीच्या वाक्यात होती."

दोन पायऱ्या चढून ते थांबले. "चहा शिकलो मी इथे येऊन. वयाची चाळिशी होती. चहा, दही, झाडून सगळं. ऑफिसातल्या परक्या माणसांनी हसू नये म्हणून शिकलो." मग जरा वेळाने, "हे तर घरचं आहे."

आणि वर गेले. भाजी राहिलीच.

रविवारी सकाळी मी चादरी वाळत घालत होते आणि वर गॅलरीचं दार उघडलं. कप कठड्यावर टेकल्याचा आवाज आला. घसा साफ केल्याचा आवाज आला. समोरच्या बिल्डिंगमधला एकजण दात घासता घासता थांबला. सगळ्यांना वाटलं, आता त्या एका अक्षराच्या ॲपची खैर नाही.

"माझा किरण घरी येतो आहे, पूर्णविराम."

मग काका फोनवर काय उमटलं ते मोठ्याने वाचायला लागले. "माझी किरण घरी येते आहे, पूर्णविराम." "अहो, असं कसं? मी माझा म्हणालो. माझा. परत ऐका. माझा किरण घरी येतो आहे."

यंत्राने या वेळी शब्द बरोबर ऐकले असावेत, कारण पोस्ट गेल्याचा तो टुंग आवाज आला. मी फोन बघितला. ग्रुपवर काकांची पोस्ट होती: 'माझा किराणा घरी येतो आहे.'

खाली लगेच मंदार: "अभिनंदन काका! हल्ली दहा मिनिटांत येतो. तांदूळ चेक करून घ्या."

पाठोपाठ बिबवेवाडीचे भाऊ, चार हसरे चेहरे, काकांचा स्वतःचाच स्टिकर. मी तिथून दोन ओळी टाइप करून दिल्या असत्या तर मिनिटात मिटलं असतं. एरवी मी तेच केलं असतं. जिना चढून वर गेले असते, फोन मागितला असता. मी चादरीचं टोक धरून उभी राहिले.

वर काका फोनला समजावत होते. "किराणा नव्हे हो. किरण. 'ण'वर थांबा, पुढे जाऊ नका. माझा. किरण." टुंग नाही. "परत माझी? आपल्याला कुणी सांगितलं माझी? आपण ठरवणार का?" आतून काकू म्हणाल्या, "अहो, हळू." आणि मग तो आवाज आला, जो मी फक्त अडकलेल्या लिफ्टशी बोलताना ऐकला होता.

"काऊन बे! समजत नाही का तुले? पोट्टा आहे तो! माहा पोट्टा! माहा किरण, येतो आहे, येतो, येतो!"

समोरच्याने तोंडातला फेस गिळला असावा. जोशीआजी गॅलरीत येऊन वर बघत होत्या आणि या वेळी त्यांनी तक्रार केली नाही.

नंतर अगदी नेहमीच्या, कार्यालयीन आवाजात एकेक शब्द वेगळा ठेवत काकांनी सांगितलं. टुंग.

'दुरुस्ती पूर्णविराम माझा किरण घरी येतो आहे पूर्णविराम.'

दुसऱ्यांच्या वाक्यांना सोडून काकांनी स्वतःच्याच वाक्याला दुरुस्ती लावल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते. ग्रुपवर कुणाला त्यात काही वाटलं नाही. एकाने विचारलं, मुलगा काय करतो. एकाने विचारलं, बाहेरून फोन स्वस्तात आणतोय का. मंदारने लिहिलं, "किराण्यापेक्षा हे भारी."

वरून डोकं बाहेर आलं. चष्मा कपाळावर चढवलेला, हातातला चहा तसाच, साय धरलेला.

"कॉन्व्हेंट. ॲडमिनने वाचलं का?"

मी फोन बघितला. वाचलं होतं. आणि सगळ्यात वर, किरणच्या नावापुढे, ते बारीक अक्षर आलं होतं: टाइप करत आहे. फोनचं बरं असतं. 'करत आहे' म्हटलं की त्याला काही ठरवावं लागत नाही.

नुसती मान हलवून हे सांगता येण्यासारखं नव्हतं. मी चादर सोडली, कठडा धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा गॅलरीतून ओरडले.

"वाचलं, काका! टाइप करतोय!"

माझा आवाज फाटला आणि समोरच्या भिंतीवर जाऊन आपटला. काकांनी वरून माझ्याकडे बघितलं, नेहमी चूक शोधताना बघतात तसं, तेवढंच बारीक.

"बरोबर," ते म्हणाले.